प्रकल्प नोंदी : ‘आचारी’ शब्दाचं कार्ड

१८ नोव्हेंबर २०२४

तुळशीची लग्नं लागली आणि मंगल कार्यालयं गजबजायला लागली. आमचा गट पंगतीच्या शब्दांचा कोश करतो आहे, शब्दागणिक एक कार्ड. त्यात भांडीकुंडी आणि पदार्थ हा भाग बराचसा हातावेगळा झाला आहे. आता माणसांचे शब्द: वाढपी, पाणक्या, पोळ्या लाटणाऱ्या बाया, कोठी सांभाळणारा, आणि या सगळ्यांवर ज्याचा हुकूम चालतो तो आचारी. पहिलं कार्ड त्याचंच घेतलं.

व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘आचारिन्’, म्हणजे आचार पाळणारा. कोशांत धर्माचार पाळणारा आणि स्वयंपाक करणारा हे अर्थ एकाखाली एक सापडतात. एकातून दुसरा कसा निघाला ते वाचकाने ताडायचं. शब्दात अन्न नाही, विस्तव नाही, चव नाही. ‘स्वयंपाकी’चंही तेच. स्वयंपाक म्हणजे आपलं आपण शिजवणं, दुसऱ्याच्या हातचं न खाण्याच्या नेमातला शब्द. त्यालाच ‘ई’ लागली आणि पगार घेऊन दुसऱ्यासाठी शिजवणारा माणूस तयार झाला. मराठीतले रोजचे दोन्ही शब्द सोवळ्यातून आलेले आहेत. कार्डात हे ठळक यायला हवं.

हिंदीतल्या ‘अचारी’शी याचा संबंध नाही. तो फारसी ‘अचार’वरून, म्हणजे लोणच्यावरून. हॉटेलातल्या अचारी पनीरमुळे तरुण मुलं दोन्ही एकच समजतात, म्हणून एक ओळ टाकून ठेवली.

२५ नोव्हेंबर

आचार पाळणाऱ्यापासून शिजवणाऱ्यापर्यंतची मधली वाट लिहायला घेतली. जुन्या समाजात कोणाच्या हातचं कोणाला चालतं यावर सगळं बेतलेलं होतं. ब्राह्मणाच्या हातचं शिजवलेलं अन्न बहुतेक सगळ्यांना चालत असे, त्यामुळे कार्य कोणाच्याही घरचं असो, मोठ्या जेवणावळीला ब्राह्मण स्वयंपाकी लावणं सोयीचं पडे. तो पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून चुलीपाशी बसे आणि जेवणावळ उठेपर्यंत कोणाला शिवत नसे. त्याचा हा नेम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे आणि त्याच्या भरवशावरच लोक पानावर बसत. आचार पाळणारा तो आचारी, आणि आचारी तो शिजवणारा.

शेजारच्या भाषांत हाच प्रवास वेगळ्या शब्दांनी झालेला दिसतो. गुजरात-राजस्थानात ब्राह्मण स्वयंपाक्याला ‘महाराज’ म्हणतात. मुंबईतल्या गुजराती-मारवाडी घरांमुळे तो आपल्याकडेही रुळला आहे. बंगालीत ‘ठाकूर’. कर्नाटकाच्या किनारपट्टीला ‘भट्ट’. तिन्ही शब्द मुळात मानाचे किंवा जातीचे, आणि तिन्हींत स्वयंपाकाचा उल्लेख नाही.

गटातल्या एका सदस्याचं म्हणणं, एवढं जातीचं कार्डात कशाला, लोक दुखावतील. मला ते पटत नाही. ज्यांच्या हातचं पाणीसुद्धा चाललं नाही अशी माणसं याच गावांत राहत होती. तीच व्यवस्था उलट्या बाजूने पाहिली की हा शब्द दिसतो. ते गाळून व्युत्पत्ती लिहिली तर ती अर्धीच राहील. शेवटी ओळी राहिल्या.

३ डिसेंबर

आज पुण्यातल्या एका कार्यालयाच्या मागच्या बाजूला सकाळभर बसले. आचारी मूळचे मराठवाड्यातले, शेतकरी घरातले. हाताखाली मुलं, एका कोपऱ्यात पोळ्यांच्या बाया, तीन भट्ट्या पेटलेल्या. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. आदल्या दिवशी त्यांनी यजमानांना दिलेली यादी भिंतीला टाचलेली होती: तांदूळ, डाळ, तेल, गूळ, मीठ, आणि शेवटी ‘केळीची पानं, नारळ १ (चुलीला)’. तो नारळ भट्टी पेटवायच्या आधीच फुटला होता.

सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते अळू. मोठ्या पातेल्यात फदफदं रटरटत होतं. त्यांनी सराट्याने तळापासून एकदा ढवळलं, पुढे वाकून वाफ नाकात घेतली, मग मुठीने मीठ घातलं. पहिली मूठ भरलेली, दुसरी अर्धी, तिसऱ्या वेळी फक्त चिमूट. चव घेतली नाही. विचारलं तर म्हणाले, “ताई, नैवेद्य गेला नाही अजून. त्याच्या आधी तोंडात घालायचं नसतं.” थोड्या वेळाने नैवेद्याचं ताट भरून गेलं, आणि मगच डावभर भाजी वाटीत घेऊन त्यांनी चाखली. मीठ बरोबर होतं. हाताखालचा मुलगा मात्र मठ्ठ्याला पुन्हा बोलावला गेला.

सोवळं गेलं, जात गेली, गॅसच्या भट्ट्या आल्या, पण आचाराचा एक धागा त्यांच्या हातात शिल्लक आहे. कोशातला पहिला अर्थ आज पहिल्यांदा समोर काम करताना पाहिला.

त्यांच्या छापील कार्डावर ‘केटरर्स’ आहे. पण फोन येतो तेव्हा लोक विचारतात, “आचारी आहेत का?” मुलं त्यांना काका म्हणतात. सगळ्यात अनुभवी मुलगा त्यांच्या माघारी भट्टी सांभाळतो, तो ‘हाताखालचा’. हा शब्द वेगळ्या कार्डासाठी टिपून ठेवला.

१० डिसेंबर

संस्कृत बाजू. वर्तमानपत्रांत मोठ्या हॉटेलच्या शेफला किंवा हौशी पुरुष स्वयंपाक्याला ‘बल्लवाचार्य’ म्हणायची पद्धत आहे. ‘बल्लव’ला ‘आचार्य’ जोडून केलेला, कौतुकाचा शब्द. मूळ मात्र विराटपर्वात. अज्ञातवासात भीम विराटाच्या स्वयंपाकघरात राहिला तो बल्लव या नावाने. तिथलं त्याचं वाक्य मुद्दाम उतरवून घेतलं: ‘पौरोगवो ब्रुवाणोऽहं बल्लवो नाम नामतः’. नाव बल्लव आणि हुद्दा पौरोगव.

हा ‘पौरोगव’ महत्त्वाचा. अमरकोशात स्वयंपाकघराच्या शब्दांपाठोपाठ येतं, ‘पौरोगवस्तदध्यक्षः’, म्हणजे तिथला अध्यक्ष तो पौरोगव. आणि लगेच साध्या स्वयंपाक्यांची रांग: सूपकार, बल्लव, आरालिक, आन्धसिक, सूद, औदनिक, गुण. मुख्य आणि हाताखालचे असा भेद संस्कृतात शब्दांनीच केलेला होता. मराठीने बल्लव उचलला, पौरोगव सोडून दिला. त्यामुळे मुख्याचं पद दाखवायला आपल्याला ‘मुख्य आचारी’, ‘हेड आचारी’ असे जोडशब्द करावे लागतात. गवळी या अर्थानेही ‘बल्लव’ अमरकोशातच दुसरीकडे आहे, तेही नोंदवलं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या रक्षणाच्या प्रकरणात ‘माहानसिक’ येतो. महानस म्हणजे स्वयंपाकघर. त्याने सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा चाखून पाहत सगळं शिजवून घ्यायचं, आणि राजाने अग्नीला व पक्ष्यांना आधी देऊन मग जेवायचं. कारण विष. परवाचे आचारी आठवले: एकाने चाखायचंच नाही, दुसऱ्याने चाखत राहायचं. पण पानावर बसणाऱ्याला दोघांकडून हवं असतं ते एकच, निर्धास्तपणे पहिला घास घेता यावा.

आणि नल. ऋतुपर्णाकडे बाहुक होऊन राहिलेल्या नलाला दमयंतीने ओळखलं ते त्याच्या हातच्या मांसाच्या चवीवरून. ‘नलपाक’ शब्द तिथून. स्वयंवराच्या वेळी यमाने त्याला काय दिलं? ‘यमस्त्वन्नरसं प्रादाद्धर्मे च परमां स्थितिम्’. अन्नाला रस आणि धर्मात स्थैर्य, दोन्ही एका ओळीत, एकाच देवाकडून. ही ओळ सापडली तेव्हा फार आनंद झाला. आचारी या शब्दाचं जुळं भावंडच म्हणायचं.

१७ डिसेंबर

फारसी-अरबी बाजू. इथे सामग्री एवढी आहे की तीन कार्डं करावी लागतील.

शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत स्वयंपाकघराचं नाव ‘मुदबखखाना’ किंवा ‘मुतबखखाना’ असं येतं. अरबी ‘मतबख’, शिजवण्याची जागा. मराठी जिभेने त्यात फार सुंदर फेरफार केला. ‘बख’चा ‘पाक’ झाला, आणि ‘मुदपाकखाना’ तयार झाला. आता ऐकणाऱ्याला वाटतं, भाताची मूद आणि पाक, शब्द आपलाच. मला स्वतःला हे रूप सगळ्यात आवडतं. परका शब्द घरात राहता राहता घरच्यासारखा दिसायला लागला.

बबर्जी. फारसी ‘बावर्ची’चं मराठी रूप. त्यातल्या ‘बावर’चा अर्थ विश्वास असं सांगितलं जातं, आणि उत्तर भारतात ही व्युत्पत्ती फार लाडकी आहे: ज्याच्यावर विश्वास ठेवावा तो बावर्ची. पण शब्दाची वाट मंगोलांकडून येते. चंगीझखानाच्या दरबारात ‘बाउर्ची’ हे मोठ्या मानाचं पद होतं, खानाच्या खाण्यापिण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आतल्या वर्तुळातल्या माणसाचं. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात इंग्रजांनी त्याचं ‘बोबाची’ केलेलं सापडतं, आणि मंगोल दरबाराची आठवणही तिथेच दिलेली आहे. विश्वासाची व्युत्पत्ती लोकांनी मागाहून जोडलेली असली तरी कार्डात तिला जागा द्यायची, तशी खूण करून. लोकांना त्या शब्दात काय ऐकावंसं वाटलं हेही शब्दाच्या इतिहासातच मोडतं.

अकबराच्या स्वयंपाकघराचा प्रमुख मीर बकावल. आईन-ए-अकबरीत त्याच्या कामाचं वर्णन बारकाईने आहे. अन्न आधी चाखलं जाई; सोन्याचांदीची भांडी तांबड्या कापडात, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधली जात; त्यावर मीर बकावलाची मोहोर लागे आणि मग ताटं निघत. मुख्य स्वयंपाक्याच्या हाती शिक्का! कौटिल्याचा माहानसिक आणि हा, दोघांची चिंता एकच.

खानसामा हा शब्द उलट्या दिशेने गेला. मोगलांकडे ‘खान-ए-सामान’ म्हणजे बादशहाच्या सगळ्या सरंजामाचा, कारखान्यांचा वरिष्ठ अधिकारी. कंपनीच्या काळात साहेबाच्या बंगल्यावरचा कारभारी नोकर, मग फक्त स्वयंपाकी. आपल्याकडे तो सरकारी विश्रामगृहात टिकला आहे. रात्री उशिरा पोचलेल्या पाहुण्याला “खानसाम्याला सांगतो, पिठलं-भाकरी होईल” असं म्हणणारा चौकीदार अजून भेटतो.

भटारी आणि भटारखाना यांचं वेगळं कार्ड. भट्टीवरून आलेले शब्द. इथे निदान विस्तवाचा उल्लेख आहे.

२६ डिसेंबर

थोडक्यात, बाहेरचे. पुरीच्या जगन्नाथाच्या रोसघरात स्वयंपाक करणारे सेवक ‘सुआर’, आणि त्यांच्यात ‘महासुआर’. अमरकोशातला सूपकार तिथे आजही चुलीपाशी उभा आहे. काश्मिरात वाझवान, म्हणजे तिथली मोठी मेजवानी, शिजवणारा वाझा, आणि त्यांचा मुख्य ‘वस्ता वाझा’. वस्ता म्हणजे उस्ताद. मुख्याला वेगळं नाव देणाऱ्या भाषा म्हणून दोन्ही उदाहरणं तुलनेच्या टिपेत घेतली.

आपल्या दक्षिण सीमेवर गंमत होते. कर्नाटकात आणि केरळात ‘आचारी’ म्हणजे सुतार, सोनार, लोहार, विश्वकर्मा समाजातला कारागीर, तो ‘आचार्य’वरून. सीमाभागातल्या वाचकासाठी हा भेद लिहायलाच हवा.

गोव्यात रांदपी. सरळ ‘रांदप’वरून, म्हणजे शिजवण्यावरून. एवढ्या सगळ्या मानापानाच्या आणि सोवळ्याच्या शब्दांनंतर हा शब्द ऐकून बरं वाटलं. गोव्याचे स्वयंपाकी मुंबईत साहेबांच्या घरी, हॉटेलांत आणि आगबोटींवर पसरले. धोबी तलावाजवळच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, त्यांचे मुक्काम असत. त्यांच्यातलेच मिगेल आर्कांजो मास्करेन्हास, सगळ्यांचे मास्की, ताजमहाल हॉटेलच्या स्वयंपाकघराचे प्रमुख झाले. तिथे हुद्द्याचा शब्द अर्थातच शेफ.

८ जानेवारी २०२५

पौष लागला आहे, कार्यालयं शांत आहेत, वाचायला वेळ आहे. शेफ.

फ्रेंचमध्ये ‘शेफ’ म्हणजे नुसता प्रमुख. लॅटिन ‘कापुट’, डोकं, त्यावरून. स्टेशनमास्तर हाही तिकडे शेफच, ‘शेफ द गार’. स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणजे ‘शेफ द क्विझीन’. इंग्रजीने १९व्या शतकात त्यातलं शेपूट सोडून डोकं तेवढं घेतलं. त्याआधी काही शतकं हाच शब्द ‘चीफ’ होऊन इंग्रजीत येऊन बसला होता. आपल्याकडे चीफ मिनिस्टर आणि शेफ एका गर्भातले, हे सांगितल्यावर गटात सगळ्यांनाच नवल वाटलं.

या शब्दाला आजचं वजन आलं ते ऑग्युस्त एस्कोफिए यांच्यामुळे. १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांनी स्वयंपाकघर पलटणीसारखं बांधलं: रस्से एकाकडे, भाजणं एकाकडे, भाज्या एकाकडे, आणि सगळ्यांवर शेफ. त्याच्या खालचा ‘सू-शेफ’. ‘सू’ म्हणजे खाली. आमच्या काकांचा ‘हाताखालचा’ शब्दशः तोच. आपल्याकडे दादरच्या कॅटरिंग कॉलेजमधून, म्हणजे लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली सुरू झालेल्या संस्थेतून, ही उतरंड शिकून पिढ्या बाहेर पडल्या.

‘शेफ’ला प्रतिशब्द म्हणून ‘आचारी’ द्यावा का, यावर बरीच चर्चा झाली. माझं मत स्पष्ट आहे. शब्द म्हणून दोन्ही वेगळे ठेवावेत, मान मात्र सारखा असावा. शेफ हा अधिकाराचा शब्द, आचारी हा भरवशाचा. हजार माणसांचा मसालेभात एका अंदाजाने उतरवणाऱ्या माणसाचा परिचय छापताना ‘साधा आचारी’ लिहिलेलं मी वाचलं आहे. ‘साधा शेफ’ कुठे वाचलेलं आठवत नाही. उदाहरणवाक्यं निवडताना हे लक्षात ठेवायचं.

२० जानेवारी

बायकांचे शब्द. इथे कार्ड अडलं.

शिजवण्याचं क्रियापद बाईचं, पद पुरुषाचं. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ हे बाईच्या जन्माचं वर्णन. पण पगार, पागोटं आणि हुद्दा आला की आचारी पुल्लिंगी. बाई ती स्वयंपाकीण, पोळ्यांच्या बाई, स्वयंपाकाच्या मावशी. मुंबईत गिरणी कामगारांच्या पिढ्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शेकडो पोटांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या या बायकांना ‘मुख्य’ ठरवणारा शब्द मराठीने दिला नाही. शाळेच्या पोषण आहारात आज ज्या गावोगाव शिजवतात त्यांचं सरकारी पद ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. एकटी बाई स्वतःचीच मदतनीस.

सांगली जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बायका लग्नांची, जत्रांची जेवणं घेतात. त्यांच्यातल्या मुख्य बाईंशी फोनवर बोलणं झालं. स्वतःला काय म्हणता? “आम्ही जेवण करतो,” एवढंच म्हणाल्या. तिकडे ‘जेवण करणं’ म्हणजे रांधणं. पण पुढे बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, की लोक गावात विचारतात, “आचारी कोण हाय?” आणि उत्तर मिळतं, “ह्या वैनी.” मला हवा होता तो पुरावा हाच. शब्द चालू लागला आहे, कोशाने त्याच्या मागून जायचं. ‘आचारी’पुढे आता पु. आणि स्त्री. दोन्ही.

त्याच फोनवर ‘मटणाचा आचारी’ही मिळाला. कोल्हापूर-सांगलीकडे सहज वापरात आहे. तांबडा-पांढरा रस्सा करणारा माणूस आचारी! शब्द सोवळ्यातून किती लांब आला ते या दोन शब्दांत दिसतं. हे उदाहरण कार्डात पहिलं.

१ फेब्रुवारी

गणेश जयंती. मंडळाच्या महाप्रसादाला उभी होते. फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘आचारी – ३, वाढपी – २०, पाणी – मुलं’. फोटो घेतला. लेखी वापराचा ताजा नमुना.

१० फेब्रुवारी

गटाने मान्य केलेला मजकूर, उद्या टंकलेखनाला जाईल:

आचारी. पु., स्त्री. (अनेकवचन तेच, सामान्यरूप आचाऱ्या-, स्त्रीसाठी आचारी बाई). १ लग्न, मुंज, जत्रा, महाप्रसाद अशा मोठ्या जेवणाचा स्वयंपाक अंगावर घेणारी आणि करून घेणारी मुख्य व्यक्ती. ‘मटणाचा आचारी कोल्हापूरचा सांगितलाय.’ ‘आचारी कोण? ह्या वैनी.’ ‘आचाऱ्यांनी यादी दिली, किराणा उद्या भरू.’ २ पगारी स्वयंपाकी. ३ (जुना) धर्माचार काटेकोर पाळणारा. [सं. आचारिन्. कोणाच्या हातचं कोणाला चालतं हे जातीवर ठरत असलेल्या काळात सोवळ्यात शिजवणाऱ्या ब्राह्मण स्वयंपाक्याला हे नाव पडलं. आज शिजवणाऱ्याच्या जातीशी अर्थाचा संबंध नाही.] कानडी-मल्याळी मुलखातला आचारी (सुतार, सोनार इ.) वेगळा, तो ‘आचार्य’वरून. पाहा: बल्लव, बबर्जी, खानसामा, मुदपाकखाना, रांदपी, शेफ, हाताखालचा.

‘साधा’ हे विशेषण एकाही उदाहरणात नाही, ते दोनदा तपासलं. पुढचं कार्ड वाढपी. त्यासाठी काकांनी रविवारच्या लग्नाला बोलावलं आहे. पहिली पंगत साडेअकराला बसेल म्हणाले, म्हणजे दहालाच पोचायला हवं.